रक्तावरचं पिवळं पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

दूध संकलन केंद्रावर ज्यांनी दूध घातलं आहे, त्यांना फॅटचं मशीन ठाऊक आहे. आता बहुतेक ठिकाणी आकडे दाखवणारी विजेवरची यंत्रं आली. पण पूर्वी टेबलाला आवळलेलं, दांड्यानं हाताने फिरवायचं एक गोल यंत्र असे. फुगीर पोटाच्या काचेच्या नळीत आधी तीव्र आम्ल, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध, वर थोडंसं अमाइल अल्कोहोल घालायचं, बूच लावून नळ्या समोरासमोर बसवायच्या आणि चार-पाच मिनिटं गरगर फिरवायच्या. यंत्र थांबलं की नळीच्या मानेत पिवळसर थर दिसायचा. त्या थराच्या उंचीवर दुधाचा भाव ठरायचा. निकलाउस गर्बर या स्विस रसायनतज्ज्ञानं १८९० च्या दशकात काढलेली ही रीत. आमच्या भूमच्या बाजूला, जिथं खव्याच्या भट्ट्या घरोघरी पेटतात, तिथं शाळेत न गेलेल्या माणसालाही ती समजायची.

श्रोतेहो, मी रक्त तपासणारा माणूस. आज दुधाची गोष्ट आधी सांगितली, कारण आमच्या प्रयोगशाळेतलं सेंट्रीफ्यूज हे त्याच घराण्यातलं यंत्र आहे. दुधातली चरबी हलकी, म्हणून फिरवल्यावर ती आतल्या बाजूला येते. रक्तात उलटं आहे. तांबड्या पेशी जड, म्हणून त्या नळीच्या तळाला जाऊन बसतात आणि वर राहतं एक फिकट पिवळं पाणी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीतल्या निम्म्याअधिक तपासण्या त्या पिवळ्या पाण्यावर होतात. रुग्णाला वाटतं, आपलं 'रक्त' तपासलं. खरं म्हणजे रक्तातला लाल भाग बाजूला काढून टाकल्यावर जे उरलं, ते तपासलेलं असतं.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातला पंचावन्न टक्क्यांच्या आसपासचा भाग द्रव आणि बाकीच्या पेशी. नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेलं असेल, तर फिरवल्यावर वर येतो तो प्लाझ्मा. औषध न घालता रक्त गोठू दिलं आणि मग फिरवलं, तर वर येतं ते सीरम. पनीर करताना दूध फाटून जसं पाणी सुटतं, तसं सीरम हे गाठीतून सुटलेलं पाणी समजा. गाठ बांधणारं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन प्लाझ्मात शिल्लक असतं, सीरममध्ये ते गाठीतच खर्ची पडलेलं असतं. बाकी दोघं जवळजवळ सारखे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरळ रक्तच यंत्रात घाला की. अडचण अशी की, आमच्या बहुतेक तपासण्या रंगावर चालतात. साखर असो, क्रिएटिनिन असो वा कावीळ दाखवणारं बिलिरुबिन, रसायन घातल्यावर जो रंग येतो त्याची गडदता यंत्र मोजतं. लाल रक्तात दुसरा कुठलाच रंग दिसणार नाही. आणि दुसरी अडचण याहून मोठी. रक्त अंगाबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या नळीतही जगत राहतात, आणि जगायचं म्हणजे खायला हवं. त्या नळीतली साखर खातात.

किती खातात, ते ऐका. साध्या नळीत, नेहमीच्या खोलीतल्या तापमानाला, दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. उन्हाळ्यात त्याहून जास्त. आता एक हिशेब करू. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त भरली तर मधुमेहाची शंका पक्की होत जाते, हा सर्वमान्य आकडा आहे. समजा, एखाद्या बाईची खरी साखर १३० आहे. रक्त सकाळी काढलं आणि पेशी वेगळ्या करायला दोन तास लागले. तासाला सहा टक्के धरले तरी यंत्रावर आकडा येईल ११५ च्या जवळ. अहवाल हातात पडेल, 'अजून मधुमेह नाही' असं समजून ती बाई घरी जाईल, आणि पुढं दोन-तीन वर्षं साखर आपलं काम करत राहील. यात यंत्र बिघडलेलं नाही, रसायन खोटं नाही, टेक्निशियननं हयगय केलेली नाही. फक्त नळी दोन तास तशीच उभी होती.

यावर उपाय म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची नळी वापरतात. तिच्यात फ्लोराइड असतं, ते पेशींचं खाणं बंद पाडतं. पण तेही ताबडतोब नाही; पूर्ण असर व्हायला एक-दोन तास जातात आणि तेवढ्यात थोडी साखर उडतेच. म्हणून सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच आहे. लवकर फिरवा आणि पेशी वेगळ्या करा.

पोटॅशियमची तऱ्हा निराळी. आपल्या रक्तद्रवात पोटॅशियम थोडं असतं आणि तांबड्या पेशींच्या आत त्याच्या वीस-पंचवीस पट. ते आत कोंडून ठेवायला पेशीला सतत कष्ट करावे लागतात. पेशी दमल्या की ते झिरपतं, आणि फुटल्या की एकदम बाहेर येतं. खडबडीत रस्त्यावर मोटारसायकलच्या डिकीतून आलेली नळी, बारीक सुईतून जोरात ओढलेलं रक्त, नळी जोरात हलवायची सवय, यातल्या कशानंही पेशी फुटतात. मग वरचं पाणी पिवळं न राहता गुलाबी दिसतं. आम्ही म्हणतो, सॅम्पल हिमोलाइझ झालं. असं सॅम्पल फेकून पुन्हा रक्त घ्यायचं, हा नियम आहे. पण पुन्हा घ्यायचं म्हणजे रुग्णाला परत बोलवायचं. त्याची एक दिवसाची मजुरी गेली, एस.टी.चं भाडं गेलं, शिवाय वर 'रक्त किती वेळा काढता हो?' हा प्रश्न.

एका शेतकऱ्याची हकिकत मी जवळून पाहिली आहे. ठिकाण सांगत नाही. पोटॅशियम सातच्या वर आलं. इतकं पोटॅशियम म्हणजे हृदय कधीही थांबेल अशी अवस्था. घरचे लोक हादरले, गाडी केली, उसने पैसे घेतले आणि रात्री त्याला मोठ्या शहरात नेलं. तिथं ताजं रक्त काढून लगेच तपासलं तर पोटॅशियम अगदी ठीक. पहिली नळी दुपारभर तशीच पडून होती. माणूस वाचला म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, तो आजारीच नव्हता. गाडीभाड्याचे पैसे मात्र खरे गेले.

आपला जिल्हा आठ तालुक्यांचा. भूम, परांडा, वाशी एका टोकाला, उमरगा, लोहारा दुसऱ्या टोकाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त काढायचं आणि मोठ्या प्रयोगशाळेत तपासायचं, ही व्यवस्था वाईट नाही. महाराष्ट्र शासनानं २०१७ च्या सुमारास एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत 'महालॅब' योजना सुरू केली, ती याच तत्त्वावर. गावातला नमुना गोळा करून न्यायचा, अहवाल परत पाठवायचा, रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्या तपासण्यांसाठी लोकांना खासगी लॅबमध्ये पैसे मोजावे लागत, त्या फुकट मिळू लागल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण अंतर म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे मघाशी सांगितलं ते सगळं. नमुना कितीही लांब जावो. निघण्याआधी पेशी आणि पाणी यांची ताटातूट झालेली असली म्हणजे पुष्कळ संकट टळतं.

त्यासाठी पिवळ्या किंवा सोनेरी टोपणाच्या नळ्या आल्या आहेत. त्यांच्या तळाशी चिकट जेल असतं. त्याचं वजन असं बेतलेलं की ते पेशींहून हलकं आणि सीरमहून जड. नळी फिरवली की जेल दोहोंच्या मध्ये येऊन बसतं आणि बांधासारखं घट्ट होतं. खालच्या पेशींनी मग काहीही केलं तरी वरच्या पाण्याला धक्का लागत नाही. गंमत एवढीच की, जेलची नळी नुसती वापरून भागत नाही. ती फिरवावी लागते. आणि फिरवण्याआधी रक्त नीट गोठायला साधारण अर्धा तास द्यावा लागतो. घाईनं अर्धवट गोठलेलं फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे तरंगतात आणि यंत्राची सुई तुंबते. म्हणून लॅबवाला 'थांबा' म्हणाला तर तो आळशी आहे असं समजू नका.

आता फिरवण्याऐवजी नळी नुसती उभी ठेवली तर? पेशी आपोआप खाली बसतातच. ईएसआर नावाची तपासणी तीच. उभ्या नळीत तासाभरात लाल थर किती मिलिमीटर खाली गेला ते पाहायचं. रॉबिन फॉरेयस या स्वीडिश डॉक्टरनं शंभरएक वर्षांपूर्वी हे खाली बसणं बारकाईनं अभ्यासलं. निरोगी माणसात ते तासाला दहा-वीस मिलिमीटरच्या आत असतं. म्हणजे पुरेसं पाणी सुटेपर्यंत पेशींनी साखर फस्त केलेली असणार. पृथ्वीची ओढ पुरत नाही, म्हणून आपण खोटी ओढ तयार करतो. साधं टेबलावरचं सेंट्रीफ्यूज मिनिटाला ३,००० फेरे मारतं, तेव्हा पेशींवर पृथ्वीच्या हजार ते दीड हजार पट ओढ पडते. दहा मिनिटांत काम होतं.

आणि या दहा मिनिटांसाठी वीज लागते. मराठवाड्यात २००० नंतरची काही वर्षं ज्यांनी काढली, त्यांना लोडशेडिंग म्हणजे काय ते सांगायला नको. त्या काळी हातानं फिरवायचं सेंट्रीफ्यूज अनेक ठिकाणी कामाला यायचं. दांडा फिरवणारा दमला की फेरे कमी, फेरे कमी की थर अर्धवट. झाकण नसायचं, नळी फुटली तर काच आणि रक्त दोन्ही अंगावर. कावीळ 'ब' आणि एचआयव्हीच्या दिवसांत ते यंत्र पाहून अंगावर काटा यायचा.

विजेविना फिरवायचं कसं, हा प्रश्न फक्त आपलाच नव्हता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं २००८ मध्ये अंडी फेटायच्या हातयंत्राला बारीक प्लॅस्टिकची नळी चिकटवून रक्त वेगळं करून दाखवलं. त्याहून गाजला तो २०१७ चा प्रयोग. मनू प्रकाश हे मूळचे मेरठचे, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, पुढं स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. २०१३ मध्ये युगांडात फिरताना त्यांना एका दवाखान्यात सेंट्रीफ्यूज दाराला टेकण म्हणून लावलेलं दिसलं. वीजच नाही तर त्याचा दुसरा उपयोग काय! तिथून विचार सुरू झाला आणि साद भामला आदी सहकाऱ्यांसह ते पोचले आपल्या सगळ्यांच्या लहानपणीच्या खेळण्यापाशी. शर्टाच्या मोठ्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, दोन्ही टोकं बोटांत धरून पीळ द्यायचा आणि ओढायचं-सोडायचं. बटण भुंग्यासारखं घोंगावतं. कोणी त्याला भिंगरी म्हणतं, कोणी भिरभिरं. आमच्याकडं सोडावॉटरच्या बाटलीचं बूच ठोकून चपटं करून पोरं तेच करायची, आणि त्यानं बोट कापून घ्यायची.

या चमूनं बटणाच्या जागी कागदाची चकती घेतली आणि तिच्यात रक्ताची केशनळी बसवली. मिनिटाला सव्वा लाख फेरे गाठले. दीड मिनिटात प्लाझ्मा वेगळा. वजन दोन ग्रॅम, खर्च अमेरिकेच्या वीस सेंटांचा. वर्तमानपत्रांनी तेव्हा भरभरून लिहिलं आणि ते योग्यच होतं.

तरीही, रोज बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेकडं पाहणारा माणूस म्हणून मला वाटतं ते सांगतो. भिंगरीतून मिळतो तो प्लाझ्मा काही थेंब. एकाच तपासणीला तो पुरेल, पण चिठ्ठीवर सहा तपासण्या असल्या तर? सकाळी तीस रुग्ण असतील तर तीसदा दोरी ओढायची? आणि केशनळीतून तो थेंब न सांडता बाहेर काढायला सरावाचा हात लागतो. एकट्यादुकट्या रुग्णासाठी, डोंगरातल्या वस्तीवर, पुराच्या वेढ्यात ती अमोल आहे. आरोग्य केंद्राला मात्र आठ नळ्यांचं छोटं, झाकणाचं सेंट्रीफ्यूज, एक चांगला इन्व्हर्टर आणि ते चालवणारा कायम नेमणुकीचा टेक्निशियन हवा. यात बातमी होण्यासारखं काही नाही, म्हणूनच बहुधा ते मागे पडतं.

न फिरवताही पेशी वेगळ्या होतात, आणि ही करामत तुमच्या घरात असेल. शीघ्र तपासणीच्या पट्ट्यांमध्ये थेंब टाकतो त्या जागी काचतंतूंचा पातळ थर असतो. टीपकागदावर शाईचा थेंब पडला की कडेनं पाणी पुढं पळतं आणि रंग मागं रेंगाळतो, तसंच हे. पेशी तंतूंत अडकत अडकत मागं राहतात, प्लाझ्मा पुढं सरकतो. काही पट्ट्यांत वर मोठी आणि खाली बारीक होत गेलेली छिद्रं असलेली चाळणी असते. म्हणजे फिरवायचं यंत्रच त्या बोटभर पट्टीत बसवलेलं.  अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. अशा कार्यकर्तीच्या हाती देता येईल ती तपासणी ही. डोंगर ओलांडून नमुना पाठवायचा नाही, वाट पाहायची नाही.

पण पट्टीचंही एक गुपित आहे. थेंबात पेशी किती, यावर तिचं वागणं बदलतं. साध्या ग्लुकोमीटरवर, अंगात रक्त कमी असलेल्या माणसाची साखर खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसते; रक्त दाट असेल तर कमी दिसते. नवी काही यंत्रं हा फरक सुधारून घेतात, सगळी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. निम्म्याहून जास्त! पट्टीचा कारखाना ज्या निरोगी माणसाला समोर ठेवून पट्टी बनवतो, ती बाई आपल्या गावात अल्पसंख्य आहे. म्हणून गरोदर बाईची साखर बोटाच्या थेंबावर जास्त दिसली तर घाबरून न जाता शिरेतल्या रक्तावर, वेळेत वेगळ्या केलेल्या प्लाझ्मावर ती पुन्हा बघावी. आणि सोबत हिमोग्लोबिनही.

याहून पुढची गोष्ट आपल्याच राज्यात, पवईच्या आयआयटीत झाली आहे. यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक अमित अग्रवाल, सुहास जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरवणं नाही आणि चाळणीही नाही असं एक छोटं उपकरण केलं. त्याबद्दलचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पारदर्शक रबरासारख्या पदार्थात साधारण केसाच्या जाडीचे, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचे, पाट कोरलेले. पाट हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शेतात पाणी देताना पाहिलं असेल, मोठ्या वेगवान पाटातून वाहत येणारा पाला मोठ्या धारेबरोबर पुढं जातो. कडेच्या संथ बारीक फाट्यात बऱ्यापैकी स्वच्छ पाणी शिरतं. अरुंद नळीतून रक्त वाहताना तांबड्या पेशीही मधली धार धरतात आणि भिंतीलगत पेशीविरहित पाण्याचा थर राहतो. हे मधली धार धरणंही त्याच फॉरेयसनं १९२९ मध्ये दाखवलं होतं. पवईच्या मंडळींनी पाटाला वळणं दिली, कुठं आवळलं, कुठं रुंद केलं, कडेला बारीक फाटे काढले आणि त्यातून प्लाझ्मा घेतला. पाणी न मिसळलेल्या अस्सल रक्तावर जवळजवळ शंभर टक्के पेशी बाजूला झाल्या. तो प्लाझ्मा साखर आणि गरोदरपणाच्या संप्रेरकासाठी तपासून पाहिला, तोही चांगला निघाला. पाट फार बारीक न ठेवल्यामुळं ते तुंबत नाहीत, हा मला त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो. अर्थात मिनिटाला अर्धा मिलिलिटरपर्यंत रक्त एकसारखं ढकलावं लागतं, म्हणजे एखादा पंप आला. कागदावरून आरोग्य केंद्रापर्यंतचा रस्ता आपल्या रस्त्यांसारखाच लांब आहे.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. गावोगावी तरुण मंडळं आरोग्य शिबिरं घेतात. शे-दोनशे लोकांचं रक्त काढतात आणि चांगल्या भावनेनं नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवून संध्याकाळी शहरात पाठवतात. गारव्यानं साखर टिकते हे खरं. पण गार पेशीला पोटॅशियम आत धरून ठेवता येत नाही, ते पाझरत राहतं. म्हणून बर्फातल्या न फिरवलेल्या नळीवरचा पोटॅशियमचा आकडा वाढलेला येतो, आणि रक्तही गुलाबी दिसत नाही की शंका यावी. शिबिराचा मंडप घालताना साउंड सिस्टिमची जोडणी करतो, त्याच वायरीवर कोपऱ्यात एक सेंट्रीफ्यूज लावायला सांगा. लॅबवाले आणतात. रक्त काढल्याची वेळ नळीवर पेनानं लिहायला सांगा, आणि अर्ध्या तासानं नळ्या फिरवून घ्या. मग डबा संध्याकाळच्या एस.टी.नं गेला तरी चालेल.